क्षयाचे इंजेक्शन आणि हरवलेला तोल

क्षयरोगातून उठलेला यंत्रमाग कामगार पुन्हा कामावर रुजू होतो. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, वजनही वाढू लागलेले असते. मात्र रात्रपाळीत दोन मागांमधील अरुंद वाटेने जाताना त्याचा हात सारखा आधार शोधतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की शरीर एका बाजूला झुकते. चालताना समोरच्या दुकानाची पाटी थरथरते. थांबले की ती पुन्हा स्थिर होते. आजारपणाचा अशक्तपणा आहे, खाण्यापिण्याने भरून येईल, असे घरचे लोक म्हणतात. पुष्कळदा डॉक्टरांचेही मत तेच पडते. परंतु अशा रुग्णाने आधी काही आठवडे विशिष्ट प्रकारची इंजेक्शने घेतलेली असतील, तर ही लक्षणे अशक्तपणाची नसून कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला झालेल्या इजेची असू शकतात. ती लवकर ओळखली तर पुढचे नुकसान टाळता येते. उशीर झाला तर ती बहुधा जन्मभर सोबत राहते.

गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमावर वसलेले मालेगाव हे यंत्रमागाचे शहर. २००१ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि मागांची संख्या लाखाहून अधिक सांगितली जाते. दाट वस्ती, हवा खेळती नसलेले कारखाने, सुताची धूळ, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि अपुरा आहार ही सारी क्षयरोगाला पोषक अशी परिस्थिती आहे. म्हणूनच क्षयावरील औषधांचे दुष्परिणाम हा विषय या शहराच्या दृष्टीने केवळ वैद्यकीय पुस्तकातला राहत नाही.

दोन कामे करणारा कान

कान म्हणजे ऐकण्याचे इंद्रिय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कानाच्या सर्वांत आतल्या भागात, म्हणजे अंतर्कर्णात, दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी नांदतात. शंखाच्या आकाराची शंखिका ध्वनी ग्रहण करते. तिच्या लगतच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. नलिकांना डोके कोणत्या दिशेने वळले हे कळते. पिशव्यांना गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतील हालचाल जाणवते. या दोन्ही यंत्रणांत अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्यांना केसपेशी म्हणतात. हालचाल झाली की हे तंतू वाकतात, पेशीतून विद्युतसंदेश निघतो आणि तो मेंदूकडे जातो.

तोलाच्या यंत्रणेचे एक महत्त्वाचे काम आपल्या लक्षातही येत नाही. डोके उजवीकडे वळले की डोळे तितक्याच वेगाने डावीकडे वळतात. त्यामुळे समोरचे दृश्य स्थिर दिसते. ही प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात घडते. तिच्यामुळेच चालता चालता पाटी वाचता येते आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीतूनही बाहेरचे ओळखीचे चेहरे दिसतात. ही क्रिया बंद पडली की प्रत्येक पावलागणिक जग हलू लागते.

शरीराचा तोल तीन आधारांवर उभा असतो: अंतर्कर्ण, डोळे आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जाणीव. यांपैकी एक आधार गेला तर उरलेले दोन बरेच सांभाळून घेतात. म्हणूनच अंतर्कर्णाला इजा झालेला माणूस भरउजेडात सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी चालतो. अंधारात किंवा वाळूवर, गादीवर, ओल्या मातीत मात्र तो डगमगतो. डोळे मिटणे किंवा अंधार होणे म्हणजे दुसराही आधार काढून घेणे.

पहिल्याच रुग्णांत दिसलेला धोका

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी लावला. क्षयरोगावर प्रभावी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. त्याबद्दल वॅक्समन यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शाट्झ यांना त्यात वाटा मिळाला नाही, याविषयीची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी हे औषध क्षयाच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा पहिल्या काही रुग्णांतच तोल जाण्याची तक्रार त्यांच्या नजरेस आली. म्हणजे या औषधाचा गुण आणि दोष जगाला जवळजवळ एकाच वेळी कळले.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी प्रकाशित केली. रुग्णांची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून दोन गटांची तुलना करण्याच्या आधुनिक पद्धतीचा ती पाया मानली जाते. तिच्यात ५५ रुग्णांना रोज दोन ग्रॅम औषध देण्यात आले. रुग्णांचे प्राण वाचले, परंतु त्यांपैकी ३६ जणांना तोलाचा त्रास झाला आणि तो साधारणतः चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू झाला. पुढे मात्रा कमी करण्यात आली आणि हे प्रमाण बरेच खाली आले. धोका मात्र संपला नाही.

१९५२ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने केवळ आद्याक्षरे देऊन स्वतःचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्याच्या दोन्ही कानांतील तोलाची यंत्रणा निकामी झाली होती. अंथरुणात पडून वाचतानाही नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरे उडत. पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट अडकवल्यावर त्याला थोडेफार वाचता येई. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी या विषयावर बोलताना डॉक्टर आजही या लेखाचा दाखला देतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने आधी पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिन तयार करण्यास सुरुवात केली. आयात औषधावर अवलंबून असलेल्या देशात क्षयाचे इंजेक्शन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

सगळी औषधे सारखी नाहीत

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन, टोब्रामायसिन आणि निओमायसिन ही औषधे अमिनोग्लायकोसाइड या एकाच कुळातील आहेत. ती रक्तातून अंतर्कर्णात पोहोचतात, केसपेशींच्या तंतूंवरील सूक्ष्म वाटांतून आत शिरतात आणि तेथे दीर्घकाळ साठून राहतात. पेशीच्या आत घातक ऑक्सिजनकण तयार होतात आणि पेशी मरते. माणसाच्या कानातील मेलेल्या केसपेशींच्या जागी कामाच्या ठरतील अशा नव्या पेशी पुन्हा येत नाहीत. याच औषधांमुळे मूत्रपिंडाला झालेली इजा बहुधा भरून येते, कानाची मात्र भरून येत नाही. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कुळ एक असले तरी स्वभाव वेगळे आहेत. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन प्रामुख्याने तोलावर घाला घालतात. कॅनामायसिन, अमिकासिन आणि निओमायसिन यांचा रोख अधिक करून श्रवणावर असतो. ही विभागणी काटेकोर नाही. एकाच रुग्णात दोन्ही इजा होऊ शकतात. परंतु तपासणीच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. जेंटामायसिन घेतलेल्या रुग्णाची श्रवणचाचणी अगदी उत्तम येऊ शकते आणि तरीही त्याचा तोल पूर्ण गेलेला असू शकतो. ‘ऐकू येते ना, मग कान ठीक आहे’ हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो.

सिडनी येथील तज्ज्ञांनी २३ वर्षांत आपल्याकडे आलेल्या जेंटामायसिनबाधित १०३ रुग्णांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. इजा तोलाची होते, श्रवणाची नव्हे, आणि ती कोणत्याही मात्रेत, कोणत्याही पद्धतीने औषध दिले तरी व रक्तातील पातळी कितीही असली तरी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. रक्तातील औषधाची पातळी मोजणे मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी उपयुक्त आहे. मात्र ती मर्यादेत आहे म्हणून कानाविषयी निश्चिंत राहता येत नाही.

‘चक्कर येते का?’ हा प्रश्न अपुरा

या इजेचे निदान चुकण्याचे मोठे कारण भाषेत दडलेले आहे. एका कानाला अचानक इजा झाली तर दोन्ही बाजूंच्या संदेशांत तफावत पडते आणि माणसाला गरगरते, सभोवतालचे जग फिरू लागते. औषध मात्र रक्तातून दोन्ही कानांत सारखेच पोहोचते. दोन्ही बाजू हळूहळू आणि बहुधा सारख्या प्रमाणात निकामी होतात. तफावत नसल्यामुळे गरगरण्याचा अनुभवही फारसा येत नाही. त्यामुळे ‘चक्कर येते का?’ असे विचारल्यावर रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि कागदावर तशी नोंद होते. मराठी बोलणारा रुग्ण ‘झोक जातो’ म्हणेल, उर्दू बोलणारा ‘कमजोरी है’ म्हणेल. दोघांच्याही शब्दांत कानाचा उल्लेख नसतो.

त्यातच बहुतेक रुग्ण त्या काळात अंथरुणाला खिळलेले असतात. जो चालतच नाही, त्याला चालता येत नाही हे कळणार कसे? घरी गेल्यावर, काम सुरू केल्यावर, रात्री लघवीला उठल्यावर त्रास ध्यानात येतो. काही रुग्णांत तर औषध बंद झाल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लक्षणे उमटतात, कारण कानात साठलेले औषध त्यानंतरही आपले काम करीत राहते. तोपर्यंत रुग्णालयाचा कागद फाइलमध्ये गेलेला असतो आणि इंजेक्शनचा व तोलाचा संबंध जोडणारा कुणी उरत नाही.

म्हणून प्रश्न बदलणे आवश्यक आहे. इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला किंवा आरोग्यसेविकेला एका मिनिटात विचारता येतील असे प्रश्न पुढीलप्रमाणे:

- अंधारात किंवा रात्री उठल्यावर भिंतीचा आधार घ्यावा लागतो का?
- तोंड धुताना, वजू करताना किंवा डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की तोल जातो का?
- चालताना समोरची पाटी किंवा माणसाचा चेहरा हलताना दिसतो का?
- जिना उतरताना, खडबडीत रस्त्यावर किंवा गादीवर उभे राहताना भीती वाटते का?
- कानात आवाज येतो का, कान भरल्यासारखे वाटतात का, समोरच्याला पुन्हा बोलायला सांगावे लागते का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्याने ‘होय’ आले, तर पुढील इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवले पाहिजे. अंधारात चालता न येण्याची तक्रार रातांधळेपणाची समजून सोडून देणे हीदेखील नेहमीची चूक आहे.

तपासणी केव्हा आणि कशी

पहिली पायरी उपचार सुरू होण्यापूर्वीची. रुग्णाचे ऐकणे आणि तोल आधी कसा होता याची नोंदच नसेल, तर नंतरचा बदल ओळखता येत नाही. यासाठी श्रवणचाचणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि तोलाची साधी तपासणी सुरुवातीलाच व्हावी. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम कळते. अमिनोग्लायकोसाइड शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. ते मंद असेल तर औषध अधिक काळ शरीरात राहते आणि धोका वाढतो.

याच वेळी जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी विचारून घ्याव्यात. वाढलेले वय, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी याच कुळातील औषध घेतलेले असणे, शरीरातील पाणी काढणारे फ्युरोसेमाइडसारखे औषध चालू असणे आणि आधीपासून कमी ऐकू येणे या त्यांतील प्रमुख. आईच्या बाजूच्या नातलगांत इंजेक्शननंतर कुणाला बहिरेपण आले होते काय, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकातील एक विशिष्ट बदल आईकडून मुलांकडे जातो आणि तो असलेल्यांना अल्प मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. गर्भवतीला स्ट्रेप्टोमायसिन दिल्यास बाळाच्या श्रवणाला अपाय होऊ शकतो, म्हणून गर्भारपणी ते टाळले जाते.

दुसरी पायरी उपचाराच्या काळातील. लक्षणांची विचारपूस प्रत्येक भेटीत, तोलाची साधी तपासणी शक्यतो दर आठवड्याला आणि श्रवणचाचणी निदान महिन्यातून एकदा, असा क्रम ठेवणे व्यवहार्य ठरते. क्रिएटिनिनही ठराविक काळाने पाहावे. तिसरी पायरी इंजेक्शन बंद झाल्यानंतरची. उशिरा उमटणारी इजा निसटू नये म्हणून त्यानंतरचे काही महिने विचारपूस चालू ठेवावी लागते.

तोलाच्या तीन तपासण्यांना यंत्र लागत नाही. पहिलीत डॉक्टर रुग्णाला आपल्या नाकाकडे पाहत राहायला सांगतात आणि त्याचे डोके हातात धरून थोडेसे, पण झटकन एका बाजूला वळवतात. निरोगी माणसाची नजर नाकावरच टिकते. इजा झालेल्याची नजर डोक्याबरोबर वाहवत जाते आणि मग उडी मारून परत येते. हॅल्मागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आज जगभर रूढ आहे. मानेचा विकार असलेल्यांत ती जपून करावी लागते.

दुसरी तपासणी नजरेच्या तक्त्याची. रुग्णाने आधी डोके स्थिर ठेवून तक्ता वाचायचा. मग मदतनीस त्याचे डोके सेकंदाला साधारण दोन वेळा डावी-उजवीकडे हलवतो आणि रुग्ण पुन्हा वाचतो. निरोगी माणसाची फार तर एखाद-दुसरी ओळ कमी होते. त्याहून अधिक ओळी निसटल्या तर शंका घ्यावी. मराठी, उर्दू किंवा केवळ आकड्यांचा तक्ता यासाठी पुरतो. तिसऱ्या तपासणीत रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून, जाड मऊ फोमवर उभे करतात. तो पडू नये म्हणून कुणीतरी शेजारी उभे असणे अनिवार्य आहे.

शंका आल्यास पुढच्या चाचण्या मोठ्या केंद्रात होतात. कानात थंड आणि कोमट पाणी किंवा हवा सोडून डोळ्यांची हालचाल मोजण्याची चाचणी रॉबर्ट बारानी यांच्या संशोधनातून आली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये दोन्ही कानांच्या तोलहानीचे निकष निश्चित केले. चष्म्यासारख्या कॅमेऱ्याने डोके वळवण्याची चाचणी मोजणारे यंत्रही आता खासगी केंद्रांतून दिसू लागले आहे.

कारखान्याचा आवाज आणि उपचार

यंत्रमागाच्या कारखान्यातील आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. भारतातील कारखान्यांसाठी आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. पाळी बारा तासांची असेल तर तेवढा आवाजही सोसण्यापलीकडचा ठरतो. त्यामुळे अनेक कामगारांचे ऐकणे उपचार सुरू होण्यापूर्वीच कमी झालेले असते. आवाज आणि अमिनोग्लायकोसाइड एकत्र आले की श्रवणाची हानी दोहोंच्या बेरजेहूनही अधिक होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. इंजेक्शने चालू असताना आणि त्यानंतरचे काही आठवडे कामगाराला मागापासून दूर ठेवणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग मानला पाहिजे. ते शक्य नसेल तर कानात घट्ट बसणारे बोळे तरी वापरावेत. साध्या कापसाच्या बोळ्याचा उपयोग नगण्य असतो.

सल्ला सोपा, पाळणे अवघड. मागावरील मजुरी कामावर ठरते. खाडा झाला तर चूल थंडावते. तपासणीसाठी दिवस मोडून जाणे ही कामगाराच्या दृष्टीने महाग गोष्ट आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मालेगावपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आणि नाशिक त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. म्हणूनच पाच प्रश्न, नजरेचा तक्ता आणि फोमचा तुकडा एवढ्यावर होणारी प्राथमिक तपासणी गल्लीतल्या दवाखान्यातच झाली, तर मोठ्या केंद्रात नेमके कुणाला पाठवायचे ते ठरवता येईल.

तोल गेलेल्या कामगाराला मागावरचा धोकाही वेगळा असतो. फिरते पट्टे, सुटलेले धोटे आणि जेमतेम एक माणूस जाईल अशी वाट यांत पाय घसरणे म्हणजे हात गमावण्याची वेळ येणे. अशा कामगाराला कांड्या भरण्याचे, घडी घालण्याचे किंवा बसून करण्याचे अन्य काम देणे हे कारखानदाराच्याही हिताचे आहे.

बदललेली उपचारपद्धती

महाराष्ट्रातील हजारो रुग्णांनी ही इंजेक्शने घेतलेली आहेत. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात, पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांसाठीच्या दुसऱ्या वर्गवारीत दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शने असत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात सरकारी उपचार सुरू झाले, त्यात कॅनामायसिन सहा ते नऊ महिने द्यावे लागे. म्हणजे एका रुग्णाला दीडशेहून अधिक इंजेक्शने. मुंबईतील पत्रकार नंदिता वेंकटेसन यांना २०१३ मध्ये आतड्याच्या क्षयावरील उपचारादरम्यान बहिरेपण आले. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा तिसिले यांनी बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्यास हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनवर आधारित दुसरी वर्गवारी वापरू नये असे सांगितले आणि २०१८ मध्ये कॅनामायसिनही न वापरण्याचा सल्ला दिला. २०२० मध्ये राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे नाव धारण केलेल्या भारतीय कार्यक्रमानेही गोळ्यांवर आधारलेली पद्धत स्वीकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात इंजेक्शन नाही.

तरीही तपासणीची गरज संपलेली नाही. अन्य औषधे चालेनाशी झाली तर अमिकासिनचा पर्याय अजून आहे. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही रक्तातील जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रसूतीनंतरचा ताप आणि नवजात बालकांचे आजार यांवर रोज वापरली जातात. गंभीर संसर्गात ती जीव वाचवतात आणि स्वस्तही आहेत. त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. चालवायची ती मोजकेच दिवस आणि जंतूंचा अहवाल येताच पर्याय शोधायचा, एवढी शिस्त मात्र पाळली पाहिजे.

आणखी एक मुद्दा सहसा ध्यानात येत नाही. पूर्वी इंजेक्शनने ज्याचा अंतर्कर्ण निकामी झाला आहे, तो उरलेल्या दोन आधारांवर, म्हणजे डोळे आणि पायांच्या जाणिवेवर, उभा असतो. क्षय उलटला आणि लिनेझोलिड सुरू झाले, तर ते पायांच्या नसा आणि डोळ्यांची नस या दोहोंना बाधा करू शकते. इथॅम्ब्युटॉलचा रोखही डोळ्यांवरच असतो. अशा रुग्णाच्या केसपेपरवर जुन्या इंजेक्शनांची नोंद ठळकपणे असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. त्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा रंग फिके दिसू लागले, तर विलंब चालणार नाही.

इजा झालीच तर

लक्षणे दिसताच रुग्णाने स्वतः होऊन औषध बंद करू नये. अर्धवट सोडलेला क्षय अधिक चिवट होऊन परततो आणि घरच्यांनाही लागतो. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून इंजेक्शनच्या जागी दुसरे औषध देता येईल काय, हे ठरवावे. आजमितीला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तसा पर्याय उपलब्ध आहे. क्षयरुग्णांसाठी शासनाची १८००-११-६६६६ ही निःशुल्क दूरध्वनीसेवाही आहे.

गेलेल्या केसपेशी परत आणणारे औषध नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तोल परत येत नाही. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्यास उलट नुकसान होते, कारण मेंदूची जुळवून घेण्याची क्रिया त्या मंदावतात. उपयोग होतो तो व्यायामाचा. हाताच्या अंतरावर एखादे अक्षर धरून त्यावर नजर खिळवायची आणि डोके आधी हळू, मग वेगाने डावी-उजवीकडे व वर-खाली हलवायचे. भिंतीजवळ उभे राहून तोल साधण्याचा सराव करायचा. पुढे चालता चालता मान वळवायची. हे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून दिवसातून अनेक वेळा, काही मिनिटे, अनेक महिने करावे लागतात. मेंदू डोळ्यांचा आणि पायांचा अधिक चांगला वापर करायला शिकतो आणि बहुतेकांचे चालणे सुधारते. पूर्ववत मात्र क्वचितच होते.

घरातली खबरदारी साधी आहे. रात्री पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा असावा, मोरीत आणि जिन्याला धरायला कठडा असावा, पायांत घट्ट बसणारी पातळ तळव्याची चप्पल असावी. अंधारात दुचाकी चालवू नये. नदीत किंवा धरणात एकट्याने उतरू नये. पाण्याखाली शरीराचे वजन जाणवत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि अंतर्कर्ण निकामी असेल तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. पट्टीचा पोहणाराही अशा वेळी बुडू शकतो.

नातेवाइकांनी इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि तारखा लिहिलेला कागद जपून ठेवावा. रुग्णालयातून घरी सोडताना कागदावर केवळ ‘प्रतिजैविक दिले’ असे लिहिलेले असेल, तर औषधाचे नाव आग्रहाने लिहून घ्यावे. पुढे कधी तोल जाऊ लागला, तर त्या एका नावावरून डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते. इंजेक्शने चालू असलेल्या रुग्णाला घरच्यांनी एवढेच रोज विचारावे: अंधारात चालताना आज कसे वाटले?